खाज घोड्याला

दातांच्या डॉक्टरांच्या घोड्याच्या पाठीला खाज सुटली. घटना तशी साधी होती, पण साधी घटना साधी राहू देतील तर ते डॉक्टर कसले. घोडा घेतल्यापासून त्याच्यावर बसून एकदा तरी रपेट मारावी, एवढीच त्यांची इच्छा. आणि घोडा बघावं तेव्हा भिंतीला पाठ घासत उभा.

"खरारा करा जरा," बायको म्हणाली. "तो जुना ब्रश पडलाय न्हाणीघरात."

डॉक्टर दुखावले. "अगं, घोडा आहे तो, फरशी नाही."

ते तडक अश्वसाहित्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने खाज गंभीरपणे ऐकून घेतली आणि औषधी झूल दिली. झुलीत घोड्याला उकडू लागलं, म्हणून झुलीत बसवायचा पंखा आला. पंख्याच्या घरघरीने घोडा बुजला, म्हणून कानटोप्या आल्या. कानटोप्यांमुळे त्याला हाक ऐकू येईना, म्हणून गळ्यात थरथरणारा पट्टा आला. ही सगळी खोगीरभरती पेलवेना, तेव्हा ती तोलून धरायला घोड्याच्या मापाचा, चाकांचा सांगाडा आला. खाज होती तिथेच होती. फक्त आता तिथवर कोणाचा हात पोचत नव्हता.

"दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," बायको म्हणाली.

"तुला त्यातलं शास्त्र कळायचं नाही," डॉक्टर म्हणाले खरे, पण मनातून ते खट्टू होते. घोडा हल्ली त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

अशात अश्वपालक मंडळाचे निरीक्षक तपासणीला आले. उत्तम निगा राखणाऱ्याला मंडळाची ढाल मिळायची.

"झूल?"

"आहे."

"पंखा?"

"चालू आहे."

"छान. झालं."

"घोडा नाही बघायचा?" डॉक्टरांनी हौसेने झूल वर केली. आत पंखा फिरत होता. घोडा नव्हता. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो साहेब, घोडा गेला कुठे?"

"तो आमच्या कक्षेत येत नाही," निरीक्षक शांतपणे म्हणाले. "लीद नाही, केस नाहीत, साहित्यावर साधा ओरखडा नाही. इतकी चोख निगा माझ्या पाहण्यात नाही. अभिनंदन."

आता बोला. ढाल घ्यायला डॉक्टर लगाम धरून सांगाडा ओढत मैदानावर आले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात कुंपणापलीकडून टापा ऐकू आल्या. उघड्या पाठीचा घोडा रमतगमत चालला होता. पाठीवर डॉक्टरांची बायको, हातात न्हाणीघरातला ब्रश. घोड्याने मान वळवून डॉक्टरांकडे पाहिलं, आणि त्यांना एकदम भरून आलं.

"मलाही घे ना," ते म्हणाले.

"मग सोडा ते आणि चढा."

डॉक्टरांनी एक पाऊल उचललं. मग सांगाड्याकडे पाहिलं. त्याच्याभोवती एव्हाना गर्दी जमली होती. "तू हो पुढे," ते हळूच म्हणाले. "याच्यापाशी कोणीतरी थांबायला हवं ना."

घोडा निघून गेला. त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. सगळे डॉक्टरांना एकच विचारत होते, हे मिळतं कुठे?

तुम्हीही मघापासून तेच विचारायचं म्हणताय, मला ठाऊक आहे. दुकान सिनेमागृहासमोर आहे, सोमवारी बंद असतं. घोडा असलाच पाहिजे, अशी काही अट नाही.