पुराव्यानिशी मत्सर

"या बाईंचं पितळ उघडं पाडलं नाही, तर इतिहासकार म्हणून नाव लावणार नाही!"

थोरल्या सरांनी ही प्रतिज्ञा आरशासमोर केली. तोंडावर दाढीचा फेस होता, त्यामुळे निम्मी प्रतिज्ञा पोटात गेली. उरलेली मात्र कडक होती!

कारण? विद्यापीठाच्या इतिहास विभागाच्या दारातला फलक. 'आमची अलीकडची कामगिरी'. धाकट्या बाईंना परदेशी पुरस्कार. धाकट्या बाईंच्या विद्यार्थिनीला सुवर्णपदक. धाकट्या बाईंच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती. आणि थोरले सर? होते ना! अगदी तळाला, बारीक अक्षरात: 'फलकाची देखभाल'.

त्यात विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होत होती. उमेदवार दोनच. सर नोकरीने मोठे, बाई कामाने.

(तळटीप: हे वाक्य सरांना वाचून दाखवू नये.)

सर कामाला लागले. निवड समितीकडे बाईंची तक्रार करायची तर भक्कम! आधी शंका घ्यायची, मग मूळ साधन गाठायचं, मग पडताळायचं. आयुष्यभर हेच तर शिकवलं होतं.

पुरस्कार खरा कशावरून? सरांनी परदेशी संस्थेला विचारलं. उत्तर आलं: खरा, एकमताने दिलेला. शिवाय बाईंचा आणखी एक सन्मान करायचाय, त्यांचा पत्ता कळवाल का?

सर सभ्य गृहस्थ. कळवला.

मग सुवर्णपदकवाली. "खरं सांग, प्रबंध बाईंनीच लिहून दिला ना?"

"छे हो सर! उलट चारदा फाडायला लावला! किती रडले मी!" असं म्हणून ती बाईंची थोरवी सांगत सुटली. सर भराभर टिपत राहिले. काय करणार, हाताची सवय!

उरलं पुस्तक. सरांनी त्यातला संदर्भ न् संदर्भ तपासला आणि अखेर एक चूक सापडली! ढळढळीत! सर खुर्चीतून उडालेच. मग कळलं, ती बाईंनी विश्वासाने सरांच्याच पुस्तकातून घेतली होती.

(तळटीप: ही चूक पुढे कुठेही नोंदवलेली आढळत नाही.)

एव्हाना जेवणाचं टेबल कागदांखाली गडप झालं होतं. ताट मांडीवर घेऊन जेवताना बायको म्हणाली, "अहो, टेबलावर हिचा फोटो, पलंगावर हिच्या शाळेचा दाखला. हे चाललंय काय?"

"संशोधन."

"असं? मग माझी जन्मतारीख सांगा बघू!"

सर गप्प. इतिहासात कधीकधी मौनही पुरावा धरतात. बायकोने धरला! तिने तडक बाईंनाच फोन लावला. "या घरी. काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे!"

बाई आल्या. टेबलासमोर उभ्या राहिल्या. बालपण, शिक्षण, पुरस्कार, विद्यार्थ्यांच्या आठवणी, सगळं सालवार लावलेलं! सरांचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता. बाईंनी एक कागद उचलला, दुसरा उचलला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"सर... तुम्ही माझा गौरवग्रंथ काढताय?"

(तळटीप: गौरवग्रंथ म्हणजे माणूस जिवंत असताना त्याच्याविषयी फक्त चांगलं छापणे.)

सरांपुढे दोन वाटा. 'नाही' म्हणावं, तर बायकोचा संशय पक्का. 'हो' म्हणावं, तर खुर्ची गेली! सरांनी बाईंकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. ती पदर खोचून उभी होती.

"हो," सर म्हणाले. "पण गुपित होतं."

"अगंबाई!" बायको विरघळली. "आणि मी मेली भलतंच समजले!"

पुढे काही सरांच्या हातात राहिलं नाही. बाईंनी विभागात सांगितलं, विभागाने कुलगुरूंना. ग्रंथ दणक्यात छापला गेला. निवड समितीने तो उलटून पाहिला आणि मुलाखतही न घेता खुर्ची बाईंना दिली. प्रत्यक्ष प्रतिस्पर्ध्यानेच एवढे पुरावे दिल्यावर आणखी काय विचारायचं?

एवढं होऊनही सरांना एक आशा होती. ग्रंथावर संपादक म्हणून त्यांचं नाव होतं, आणि इतिहासाच्या सर्वांत मानाच्या नियतकालिकात परीक्षण येणार होतं. ते आलं. सरांनी चष्मा पुसला आणि बायकोला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं.

"'ग्रंथ अतिशय मेहनतीने सिद्ध केला आहे,'" सरांची छाती फुगली, "'मात्र संपादक भक्तिभावाने इतके आंधळे झाले आहेत, की बाईंची एखादी तरी उणीव शोधण्याचा त्यांनी जराही प्रयत्न केलेला दिसत नाही.'"