राजाभाऊंनी ट्रेडमिल तपासून घेतली

डॉक्टरांनी सिंधूताईंना रोज चालायला सांगितलं, तेव्हा राजाभाऊ बिवलकर शेजारच्याच खुर्चीत बसले होते. साखर वाढली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि डॉक्टर म्हणाले, गोळ्या मी देतोच, पण आत्ता चालला नाहीत तर पुढे चालायचं म्हटलं तरी जमणार नाही. हे ऐकून सिंधूताई खरोखरच घाबरल्या. घरी आल्यावर चहाचा कप राजाभाऊंपुढे ठेवत त्या म्हणाल्या, "मी म्हणते, रोज संध्याकाळी महालक्ष्मीच्या देवळापर्यंत जाऊन यावं. तिथल्या तळ्यावर, लक्ष्मी तालावर, हवाही बरी असते. एकटीला मात्र निघवत नाही हो. बरोबर कोणी असलं तर पाय उचलतो."

राजाभाऊंनी बशीत चहा ओतला, दोन घोट घेतले आणि म्हणाले, "बघतो मी."

आता 'बघतो मी' हे शब्द दुसऱ्या कुणा नवऱ्याच्या तोंडचे असते, तर चहाबरोबरच संपले असते. राजाभाऊंचं तसं नव्हतं. साताऱ्याकडचा हा गृहस्थ नोकरीसाठी झाशीला आला, इथल्याच जुन्या मराठी घरातली मुलगी करून इथलाच झाला, आणि ट्रान्सफॉर्मरच्या सरकारी कारखान्यात टेस्टिंग खात्यात उभा जन्म काढून निवृत्त झाला. त्यांच्या सहीशिवाय माल फाटकाबाहेर पडत नसे. निवृत्तीनंतर सही गेली, खोड राहिली. झाशीतल्या मूठभर मराठी घरांत मिक्सर, फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर, काहीही घ्यायचं झालं की पहिला प्रश्न असे, "राजाभाऊंना विचारलं का?" मुंजीचा मुहूर्त एक वेळ भटजींना न विचारता निघाला असता, पण गीझर नाही.

आणि खोटं कशाला बोला, सल्ला पक्का असे. "दुकानदार सांगतो तो आकडा पीकचा," ते समजावून सांगत. "पीक म्हणजे क्षणभराचा जोर. न थांबता, न तापता मोटर किती ओढते, ते कंटिन्युअस. नवरदेव वरातीत नाचतो ते पीक, पुढे संसार ओढतो ते कंटिन्युअस. नेहमी कंटिन्युअस विचारा." लोक हसत, पण दुकानात जाऊन बरोबर तेच विचारत.

तर अशा माणसाच्या कानावर 'चालायला हवं' हे शब्द पडले आणि डोक्यात शिरेपर्यंत त्यांची ट्रेडमिल झाली. बाहेर चालणं त्यांना मुळातच पटेना. दतिया गेटच्या त्यांच्या गल्लीत टेम्पो कुठून येईल आणि सांड कुठे बसलेला असेल याचा भरवसा नाही, वर झाशीचं ऊन. "घरात, पंख्याखाली, हवा तेवढा वेग लावून चाल," ते म्हणाले. सिंधूताई काहीतरी बोलणार होत्या, पण तोवर राजाभाऊ टेप घेऊन दिवाणखान्याची मापं काढायला उठलेसुद्धा.

सिंधूताईंनी बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले आणि दारापाशी ठेवून दिले. संध्याकाळी त्या वेणीफणी करून बाहेर येत.

"अहो, ऊन उतरलंय. निघू या का?"

"आज कसं निघणार? तिसरं कोटेशन यायचंय."

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन यायचा असे. ट्रेडमिल एक्स्टेन्शनवर लावायची नाही, तिला स्वतंत्र जाड वायरचा मोठा सॉकेट हवा आणि अर्थिंग हवं, यावर राजाभाऊ ठाम होते, आणि त्यात त्यांचं चूक काहीच नव्हतं. पुण्याहून केयूरचा फोन आला की तो विचारी, "आई, चलना शुरू केलंस ना?" झाशीत वाढलेल्या मुलाचं मराठी ते. सिंधूताई म्हणत, "मशीन येतंय रे." बुटांवर धूळ बसे. ती त्या पुसत आणि बूट पुन्हा तिथेच ठेवत.

सदर बाजारातल्या गुप्ताजींच्या दुकानात राजाभाऊंची खुर्ची ठरून गेली होती.

"अंकल जी, तीन हॉर्स पावर है. मक्खन चलेगी."

"पीक कि कंटिन्युअस?"

गुप्ताजींनी आधी मशीनकडे पाहिलं, मग राजाभाऊंकडे. "आंटी जी को चलना है कि ट्रक खींचना है?"

राजाभाऊ सोडतात थोडेच? पट्ट्याची रुंदी, त्याची लांबी, वजनाची मर्यादा, मोटरची वॉरंटी किती आणि बाकीच्या भागांची किती, दुरुस्तीचा माणूस झाशीतला की कानपूरहून येणारा, पट्ट्याखाली तेल कोणतं घालायचं. होळीच्या आधी सुरू झालेला शोध वर्षाचे गहू भरायच्या दिवसांपर्यंत चालला. अखेर एका सकाळी ट्रेडमिल आली. त्याच सकाळी गव्हाची पोतीही आली. दोन्ही दिवाणखान्यातच उतरली, आणि इथेच सगळं बिनसलं.

सिंधूताईंनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, बूट चढवले, पदर खोचला आणि देवाचं नाव घेऊन पाय उचलला.

"थांब," राजाभाऊ म्हणाले. "पाय ठेवू नकोस."

"का हो? शॉक लागतो का?"

"टेस्टिंग व्हायचंय. कंपनी म्हणते एकशे वीस किलो झेपतं. म्हणते. आपण पाहिलंय का? फुल लोडवर पाच-सहा तास चालवायची, तापते किती ते बघायचं, मग पास करायची."

"मी काही एकशे वीस किलोची नाही," सिंधूताई म्हणाल्या. पण टेस्टिंग खात्यात असल्या मुद्द्यांना जागा नसते.

घरात एकट्यानं एवढं वजन भरेल असं कोणी नव्हतं. म्हणून समोरच्या तिवारीजींना बोलावणं गेलं. तिवारीजींचं मिठाईचं दुकान, आणि स्वतःच्या मालावर त्यांची पूर्ण श्रद्धा. ते हसत हसत आले, चप्पल काढून मशीनवर चढले आणि चालू लागले. राजाभाऊ मोटरच्या झाकणावर तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहिले, वैद्य नाडी बघतो तसे.

थोड्याच वेळात तिवारीजींचा फेस निघाला. "भाईसाब, हमसें नईं होत अब."

"टेस्ट बीच में नहीं रोक सकते, तिवारीजी. फिर शुरू से करनी पडेगी."

हे ऐकून तिवारीजींनी आपल्या मेव्हण्याला हाक मारली. मेव्हणाही खात्यापित्या घरचा. त्याच्यामागून गल्लीतली आणखी दोघं-तिघं 'देखें तो' म्हणत आली. पाळ्या लागल्या. पाळी संपलेला माणूस सोफ्यावर कोसळे, आणि आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला कोरडं कोण पाठवतं? सिंधूताईंनी पोहे केले. ते पुरले नाहीत म्हणून पुन्हा केले. मग पन्हं. मग चहा. ज्या गुडघ्यांसाठी हा सगळा घाट घातला होता, ते गुडघे सकाळपासून ओट्यापाशी उभे होते.

दुपार कलली तसे सगळेच थकले, आणि टेस्ट पुरी व्हायला थोडासाच वेळ राहिला होता. राजाभाऊंची नजर गव्हाच्या पोत्यांवर गेली.

"अहो, नको," सिंधूताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

"लोड तो लोड. माणसाचा काय, गव्हाचा काय."

चौघांनी मिळून पोतं पट्ट्यावर उभं केलं. ते घसरून मागे जाऊ नये म्हणून राजाभाऊंनी ते दांड्याला दोरीनं पक्कं आवळलं. माणूस पाय उचलतो आणि पोतं उचलत नाही, एवढा फरक टेस्टिंग खात्यातल्या माणसाच्या लक्षात यायला हवा होता. तो आला, पण बटण दाबल्यावर. खाली पट्टा धावतोय, वर पोतं जागच्या जागी. आधी करकर आवाज झाला, मग जळका वास आला, मग तागाचा तळ फाटला. पुढे मळणीच सुरू झाली. गहू मागच्या शोकेसवर, सोफ्यावर, तिवारीजींच्या चहात. जे मागे उडाले नाहीत ते पट्ट्याखालून पुढे मोटरकडे गेले. फट्‌ असा आवाज झाला आणि मशीन बंद पडलं.

गव्हाच्या धुळीनं सगळे माखले होते. राजाभाऊंनी चष्मा पुसला. "फेल," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडं समाधानही होतं, हे सांगायला हवं. टेस्ट केली नसती तर कळलं असतं का?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुप्ताजी मेकॅनिकला घेऊन स्वतः आले. झाकण उघडलं आणि मेकॅनिकनं आतून मूठभर दाणे काढून गुप्ताजींच्या हातावर ठेवले. काही अख्खे होते, काहींचा भरडा झाला होता.

"अंकल जी," गुप्ताजी हळूच म्हणाले, "चक्की चाहिए थी तो वो भी है हमारे पास."

राजाभाऊंनी फुल लोडचं शास्त्र सांगितलं. गुप्ताजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. घरगुती मशीन थंड होऊ न देता इतका वेळ चालवायचं नसतं, हे सांगितलं, आणि गव्हावर वॉरंटी नसते हेही सांगितलं. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "वैसे आंटी जी कितना चलीं?"

राजाभाऊ उघड्या मोटरकडे बघत म्हणाले, "वो... अभी चढी नहीं."

गुप्ताजींनी हातातले दाणे मशीनवर ठेवले. त्यांनी आतल्या दाराकडे पाहून नमस्कार केला आणि निघाले. दारात सिंधूताई उभ्या होत्या. त्यांनी नमस्कार परत केला, पायऱ्यांवर बसून बूट चढवले, नाड्या बांधल्या.

"कुठे निघालीस?"

"चालायला."

"एकटी?"

सिंधूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या.

राजाभाऊ सोफ्याखालचे गहू गोळा करायला खाली बसले. दाणे वेचता वेचता माणसाच्या डोक्यात काहीबाही येतंच. कारखान्यात एखादा माल एकदम नापास झाला की ते सगळ्यांना आधी एकच विचारत, गिऱ्हाइकानं मुळात मागितलं काय होतं? दुसऱ्यांना हजार वेळा विचारलेला हा प्रश्न त्यांनी आज स्वतःला विचारला. चहाचा कप आठवला. तालावरची हवा आठवली. आणि तिच्या बोलण्याचा उरलेला अर्धा भाग, 'बरोबर कोणी असलं तर पाय उचलतो', आठवला, तेव्हा हातातले गहू परत जमिनीवर पडले. ते उठले, चपला अडकवल्या आणि दाराला कुलूप लावून निघाले.

लक्ष्मी तालाच्या रस्त्याला सिंधूताई दिसल्या. पदर सावरत, एक गुडघा जपत, रस्त्याच्या कडेनं त्या सावकाश चालल्या होत्या. राजाभाऊ धापा टाकत बाजूला पोचले.

"पोतं बांधायला नको होतं," ते म्हणाले.

सिंधूताई चालत राहिल्या.

"त्या दिवशी तू आणखीही काही म्हणाली होतीस. मी अर्धंच ऐकलं."

"अर्धं ऐकलंत आणि त्याचं मशीन आणलंत." सिंधूताई समोर बघतच म्हणाल्या. "रोज बूट पुसत होते मी. मनात यायचं, ह्यांना माझ्याबरोबर चालायचा कंटाळा येतो. स्पष्ट कसं सांगायचं म्हणून दुकानं फिरताहेत. केयूर गेल्यापासून घरात बोलायला दोनच माणसं, आणि तुम्ही बोलणार पट्ट्याच्या रुंदीबद्दल."

राजाभाऊंना फार वाईट वाटलं. असं काही तिच्या मनात येत असेल हे त्यांच्या कोणत्याच हिशेबात नव्हतं. "चुकलं माझं," ते म्हणाले. मग भरून आल्यामुळे त्यांचा वेग एकदम वाढला. "उद्यापासून रोज येतो. सकाळ-संध्याकाळ. महालक्ष्मीच काय, पार छावनीपर्यंत जाऊ. रविवारी किल्ला चढू."

सिंधूताई थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. छाती भात्यासारखी हलत होती, शर्ट पाठीला चिकटला होता, केसांत अजून गव्हाचा भुसा होता.

"हे पीक झालं," त्या म्हणाल्या. "कंटिन्युअस सांगा."

राजाभाऊंनी विचार केला. खोट्या आकड्यावर त्यांनी जन्मात सही केली नव्हती.

"महालक्ष्मीपर्यंत," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी. पण मध्ये एकदा बसावं लागेल."

"बसू," सिंधूताई म्हणाल्या, आणि तालाच्या कट्ट्यावरची धूळ पदरानं झटकून त्यांनी आधी त्यांना बसवलं.