दोन सह्यांची बातमी

अगं, लांबून काय वाचतीस, सरक जवळ. तुम्हा पोरांचं एक लई वाईट. मोबाइलवर काही आलं की खरंखोटं न बघता पुढं ढकलून मोकळं होता. आमच्या दगडूकाकांनी आधी विचारलं असतं, "पंच कोण हाय?"

काका गावचे कोतवाल होते. तलाठ्यामागं पंचनामे करत जन्म गेला. म्हातारपणी त्यांनी स्टँडवर, माझ्या बांगड्यांच्या दुकानाशेजारी काळा फळा टांगला आणि रोज सकाळी खडूनं बातमी लिहायला लागले. खाली दोन पंचांच्या सह्या पाहिजेत. सह्या नसतील तर बातमी खोटी, असा त्यांचा कायदा.

पंच ठरलेले. केजच्या कॉलेजला जाणारे शुभम आणि रेणुका. केजची जीप भरेपर्यंत दोघं तिथंच भांडायची. शेअर का पडले, आपल्याकडं कारखाना का निघंना, कुठल्या पत्रकाराला का आत टाकलं. यान चंद्रावर उतरलं त्याच्या दुसऱ्या सकाळीही काका खडू धरून उभे. "पंच कोण हाय?"

शुभम म्हणाला, "काका, चंद्रावर कुठला पंच?"

"मग ऐकीव म्हणून लिवतो."

रेणुकानं मोबाइलवर यान उतरताना दाखवलं, तेव्हा कुठं सह्या झाल्या. तोवर जीप निघून गेलती.

मग एक दिवस दोघांनी पेपरात नसलेली बातमी आणली. नदीतली वाळू कोणाच्या गाड्या नेतात, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

"पेपरवाले काहून लिवत न्हाईत?" काकांनी विचारलं.

"त्यांना लेकरंबाळं हायत, काका," रेणुका म्हणाली.

फळ्यावर बातमी गेली, खाली दोघांच्या सह्या. दोघं कॉलेजला गेली.

दुपारी टपरीवाला धावत आला. वाळूवाल्यांची माणसं फळा बघायला निघाली होती. काकांनी ओलं फडकं घेतलं. मला वाटलं, बातमी पुसतील. त्यांनी पोरांच्या सह्या पुसल्या. एका जागी स्वतःची सही केली. मग बराच वेळ थांबले, आणि दुसऱ्या जागीही स्वतःचीच केली.

माणसं आली. "दोन्ही सह्या तुझ्याच बे, म्हाताऱ्या?"

"माझ्याच. बघणारा मीच, लिवणाराबी मीच."

त्यांनी फळा मोडला. काकांचा खडूचा हात पिरगाळला. तो त्यांना अजून नीट उचलता येत नाही.

संध्याकाळी पोरं आली. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, म्हाताऱ्यानं तुमची नावं पुसली. रेणुका म्हणाली, "काका, तुमीबी भ्यालात?" काका म्हणाले, "व्हय." मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी बांगड्या लावत बसले.

शुभम पुण्याला गेला, रेणुका लातूरला मावशीकडं.

काका आता फळ्याच्या उरल्या तुकड्यावर डाव्या हातानं लिहितात. खाली एक आणि दोन आकडे घालतात आणि केजची जीप सुटेपर्यंत तिथंच उभे राहतात. एकच्या पुढं मी सही करते.

रेणुके, हे कुठं वाचलंस तर लवकर येऊन जा बाई. दोनच्या पुढं ते मला सही करू देत न्हाईत.