साठेकाकांची सोबर भिंत

आमच्या गाझियाबादच्या सोसायटीत साठेकाकांना कुठल्याही रंगाबद्दल विचारा, उत्तर एकच. "बिल्कुल सोबर!" माझी झेंडूसारखी पिवळी साडी सोबर, शेजारच्या चड्ढांची जांभळी गाडी सोबर, होळी खेळून आलेला माझा नवरासुद्धा सोबर. काकांचा जन्म सरकारी नोकरीत गेला. आम्हाला वाटायचं, शेरा मारायची सवय असेल.

काकू गेल्यापासून काका वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. यंदा त्यांची मुलगी मुग्धा नोएडात नोकरी घेऊन परत येणार होती. तिच्या खोलीत पेंटरने दोन रंगांचे पट्टे ओढून दाखवले, मेंदी आणि विटकरी. काकांनी फोनवर विचारलं. मुग्धा म्हणाली, "मेंदीच द्या. विटकरी नको हं, बाबा."

झालं, प्रश्न मिटला. पण काका दिसेल त्याला वर ओढून नेऊ लागले.

"यातला कुठला छान? नाव घेऊन सांगा."

नाव कोण घेतो? लोक बोट दाखवत. "तो."

"तो म्हणजे?"

"अहो तो, खिडकीकडचा!"

चड्ढा तर "अंकल, दोनों मस्त हैं यार," म्हणत सटकले. मीही कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून पळाले. पेंटर रोज विचारी, "साब, आज?" काका म्हणत, "आज धूप ठीक नहीं है."

शेवटी पेंटर काम सोडून जायला निघाला, तेव्हा काकांनी छाती काढून एका पट्ट्यावर हात ठेवला. "यही. बिल्कुल."

दुसऱ्या दिवशी मी डबा द्यायला गेले. पेंटर जेवायला गेला होता, खोली रंगून झाली होती.

"अरे वा काका, शेवटी विटकरीच?"

काका उलट्या बादलीवर मटकन बसले. कान लाल झाले.

"विटकरी आहे?"

"हो."

"मला दोन्ही सारखेच दिसतात गं, स्मिता." आवाज इतका खाली गेला होता की मला वाकावं लागलं. "शाळेत झाडं तांबडी रंगवली म्हणून बाईंनी वर्गापुढे उभं केलं होतं. सगळे हसले. मग कुणाला सांगितलंच नाही. तुझ्या काकूंनाही नाही."

मी डबा खाली ठेवला. काका पुढे म्हणाले,

"मुग्धा लहानपणी चित्रं दाखवायची. मी आपलं सोबर म्हणायचो. एकदा म्हणाली, बाबा, तुम्ही बघतच नाही. मग दाखवायची बंद झाली."

"पेंटरला सांगू, पुन्हा रंगवेल," मी म्हटलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. खिशातून फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला. माझ्याकडे पाठ करून, चोरी कबूल करावी तसं एकेक शब्द तोडत त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. पलीकडून ती काहीतरी बोलली. काकांनी डोळे पुसले आणि फोन हाताने झाकून मला म्हणाले, "म्हणतेय, बाबा, तुम्हाला कसा दिसतोय ते सांगा."

ते उठले. भिंतीजवळ गेले. ओला रंग न्याहाळत राहिले.

"सांगू?" फोनमध्ये त्यांनी भीत भीत विचारलं. "नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा दिसतोय गं."