चार वाजून वीस मिनिटं

"अहो, हात खिशात ठेवा," चित्रकाराच्या घराच्या दारातच बायकोने बजावलं, "आणि बाहेर पडेपर्यंत काढू नका."

घड्याळजींनी निमूटपणे हात खिशात घातले. बायकोचं काही चुकत नव्हतं. गाव जुनं, एवढंसं, पण एकाच दगडी गल्लीत तीन चित्रसंग्रहालयं. पहिल्यात घड्याळजींनी दाराची बिजागरी ठाकठीक केली होती, दुसऱ्यात पहारेकऱ्याचं मनगटी घड्याळ उघडून बसले होते. चित्रं राहिली बाजूलाच. हे तिसरं मात्र परक्याचं नव्हतं. इथे मेहुणी पाहुण्यांना माहिती सांगायचं काम करत होती, तात्पुरत्या नेमणुकीवर. आज अकरा वाजता तपासणी समिती यायची होती. समिती खूश झाली तर मेहुणी कायम, नाहीतर घरालाच कुलूप.

"भावोजी, तुम्ही वर निवांत बघा," मेहुणी म्हणाली, "फक्त एक करा. काहीच करू नका."

घड्याळजींना वडिलांची आठवण झाली. वारण्यापूर्वी वडील दहादा तरी म्हणाले असतील, "त्या चित्रकाराचं घर एकदा बघून ये. पण तिथल्या घड्याळाला हात लावू नकोस. अजिबात नाही!" घड्याळजींनी मनाशी शपथच घेतली आणि ते जिना चढले.

वरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ते जागच्या जागी थांबले. समोर चित्रकाराचं शेवटचं चित्र होतं. खिडकीशी एक बाई सुईत दोरा ओवत बसलेली, बस्स. पण दोऱ्याच्या टोकावर पडलेला उजेड असा काही काढला होता की घड्याळजींनी आपसूक श्वास रोखला. हात हलला तर दोरा निसटेल असं वाटलं. जन्मभर भिंगातून बारीक काम केलेला माणूस तो, पण एवढं बारीक आणि एवढं शांत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले. आपल्याला चित्रातलं कळतं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

डोळे पुसायला हात खिशातून काढावा लागला, आणि तिथेच घात झाला. चित्राच्या शेजारी ते घड्याळ उभं होतं. माणसाएवढं उंच, लंबकाचं. खाली पाटी होती: ‘चित्रकाराने अखेरचा श्वास घेतला त्या क्षणी, चार वाजून वीस मिनिटांनी, हे घड्याळ आपोआप थांबलं. त्यानंतर त्याची टिकटिक कुणीही ऐकलेली नाही.’

घड्याळजी भारावून बघत राहिले. मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला. चावी संपून घड्याळ आपोआप थांबलं तर वजनं तळाला हवीत. ही तर अर्ध्यावर लटकत होती. आणि घड्याळ किंचित डावीकडे कललं होतं, कारण पायाखालची लाकडाची चकती सरकली होती. हात शिवशिवायला लागले. चकती बुटाने लोटली तर त्याला हात लावला असं थोडंच होतं? त्यांनी लोटली. मग काचेचं दार उघडून लंबकाला करंगळीने जरासं ढकललं. फक्त पाच ठोके ऐकायचे, मग थांबवायचं.

टिक. टक. टिक. टक. काय तो आवाज! सुखाने त्यांचे डोळेच मिटले. उघडले ते जिन्यावर पावलं वाजली तेव्हा. समिती आली होती.

लंबक थांबवायला वेळच नव्हता. घड्याळजींनी काचेचं दार लावलं आणि ते घड्याळाकडे पाठ करून उभे राहिले. मेहुणी छान बोलत होती. चित्राबद्दल सांगताना तिचा आवाज असा भरून आला की समितीच्या अध्यक्षबाईही चष्मा काढून बघू लागल्या. मग ती म्हणाली, "आणि हे घड्याळ. त्या दिवसापासून इथे टिकटिक झालेली नाही."

खोलीत शांतता पसरली. टिक. टक. टिक. टक.

"मग हा आवाज कसला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"यांच्या मनगटावरचं," समितीमागून वर आलेली बायको घाईघाईने म्हणाली, "फार जुनं आहे हो. आणि मोठ्याने चालतं."

"जरा बाजूला होता का?"

"नाही जमणार," घड्याळजी म्हणाले. "चित्र बघून माझे पायच गळून गेलेत." यातला निम्मा भाग खरा होता. मेहुणीने डोळे वटारले.

तेवढ्यात पाठीमागून ठण्ण असा एक टोल पडला. साडेचारचा. दगडी खोली घुमली. घड्याळजींनी हात पुन्हा खिशात कोंबले. मेहुणीची नोकरी आपल्या करंगळीने गेली!

अध्यक्षबाई एकटक त्या घड्याळाकडे बघत होत्या. मग त्यांनी हळूच हात जोडले. "आपण आल्याचं त्यांना कळलं," त्या कुजबुजल्या. मागच्या गृहस्थांनी टोपी काढली. अध्यक्षबाईंनी कारकुनाला सांगितलं, "लिहा. घर जिवंत आहे. चालू ठेवावं. आणि ह्या मुलीला कायम करा, ती आहे म्हणूनच ते बोलतात."

समिती गेली तशी मेहुणी खुर्चीत कोसळली. "भावोजी, आधी ते बंद करा!"

घड्याळजींनी दार उघडलं, टोल वाजवणारी हातोडी बोटाने धरून काटे फिरवत चार वीसवर आणले, आणि लंबक थांबवायला खिशातली छोटी बॅटरी पेटवली. मघाशी घाईत दिसलं नव्हतं ते आता दिसलं. मागच्या फळीवर टोच्याने कोरलेली बारीक अक्षरं होती. दुरुस्ती केली की घड्याळाच्या पोटात नोंद कोरायची, ही या धंद्याची जुनी रीत.

‘राहवलं नाही. चालू केलं. परत चार वीसला बंद केलं. क्षमा असावी.’ त्याखाली दुसऱ्याच हाताने: ‘मीही.’

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते ते सगळं चारशे वीसच की!" मेहुणी किंचाळली.

घड्याळजींचं तिकडे लक्ष नव्हतं. तिसरी ओळ ते पुन्हा पुन्हा वाचत होते. ते अक्षर त्यांनी लहानपणापासून दुकानाच्या पावत्यांवर पाहिलं होतं.

‘मीसुद्धा. घड्याळ उत्तम आहे. खाली जागा सोडली आहे. मुलगा येईलच.’

त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. बायकोने केसातली पिन काढून त्यांच्या हातात ठेवली. घड्याळजींनी आपली ओळ कोरली, तिच्याखाली बोटभर जागा मोकळी सोडली आणि चकती होती तशी सरकवली.

बाहेर आल्याबरोबर त्यांनी दुकान सांभाळणाऱ्या आपल्या लेकीला फोन लावला.

"अगं, त्या चित्रकाराचं घर एकदा बघून ये," ते म्हणाले. "पण हे बघ, तिथल्या घड्याळाला हात लावू नकोस. अजिबात नाही!"