तिठानगरीची कमान

एका जंगलात, मुलांनो, तीन म्हातारे राजे होते. घोळ तिथूनच सुरू होतो.

एक तरस, एक लांडगा, एक रानडुक्कर. तिघांची घराणी जुनी, तिघांचे दात पडलेले, आणि तिघांना शहर एकच हवं. तिठानगरी. तीन वाटा जिथे मिळतात तिथे ती वसली होती, मधोमध भलंमोठं तळं होतं. 'ज्याची तिठानगरी त्याचं जंगल,' असं तिघांचे पणजोबा सांगून गेले होते. पुढे तिन्ही सैन्यांनी पाणी पिऊन पिऊन ते तळं आटवलं. पण हे राजांना सांगायचं कुणी? मोठ्यांना मध्येच टोकू नये, असे संस्कार होते ना!

शहराच्या वेशीवर एक कमान होती. तिच्या भोकात तानी साळुंकी राहायची. तिने चार अंडी घातली होती. पिल्लं बाहेर येऊन उडेपर्यंत तिला सव्वा महिना हवा होता.

कमान मात्र पंधरा दिवससुद्धा टिकत नसे. रीतच तशी होती. शहर जिंकलं की आधी शत्रूची कमान पाडायची. मग आपल्या आजोबांच्या नावाची नवी उभारायची. वर फलक लावायचा. फलकावर राजा मोठा, आजोबा त्याहून मोठे, खाली शुभेच्छुक म्हणून झाडून सगळे भाचे-पुतणे. मग सगळं सैन्य घेऊन गावी परत जायचं.

कशाला? सत्काराला! आपल्या माणसांत शाल-नारळ मिळाला नाही, तर तो विजय कसला?

शहर मोकळंच राहायचं. मग दुसरा यायचा, जिंकायचा, पाडायचा, सत्काराला जायचा. मग तिसरा. शाळेत तुम्हाला या लढायांचे सन पाठ करायला लावतील. करू नका.

तानीची दोन खेपांची अंडी अशीच फुटली होती.

त्या दिवशी कमान डुकरांची होती. एका वाटेनं तरसांचं सैन्य आलं. दुसरीनं लांडग्यांचं. तिसरीनं डुकरांचा राजा परत आला, कारण सत्काराची शाल इथेच विसरली होती.

"पाडा रे ती कमान!" तरसराज ओरडले.

"काका, सव्वा महिना थांबा की," तानी म्हणाली. "आत अंडी आहेत माझी."

"आमचे आजोबा कधी कुणासाठी थांबले नाहीत, पोरी!"

"तुझे आजोबा?" लांडगेराज खेकसले. "तुझे आजोबा इथे आले ते आमच्या आजोबांचं उष्टं चाटायला!"

"गप्प बसा दोघं!" डुकरराज फुरफुरले. "हे शहर उकरलं कुणी? आमच्या आजोबांनी!"

तानीनं मान तिरकी केली. या म्हाताऱ्यांपुढे रडून उपयोग नाही, एवढं तिला आठ अंडी गमावून कळलं होतं.

"पण मग सगळ्यांत आधी आलं कोण हो, काका?" तिनं विचारलं.

तिघंही धपकन खाली बसले.

"ऐक, बाळ," तिघं एकदमच म्हणाले.

"ऐकते. पण कमान म्हणजे पुरावा. निकाल लागेपर्यंत तिची वीट हलवायची नाही."

"कबूल! निकाल तर आमच्याच बाजूनं आहे," प्रत्येक जण म्हणाला.

तरसराजांनी आजोबांच्या जन्मापासून सुरुवात केली. आठव्या दिवशी कुठे आजोबांना मिसरूड फुटलं. पंधराव्या दिवशी अंडी फुटली, यंदा आतून. तेव्हा लांडगेराज म्हणत होते, "मूळ मुद्द्याकडे येण्याआधी..."

सैनिक जांभया देत आपापल्या घरी गेले. शहरातले लोक पाणी शोधायला दुसरीकडे गेले. लांडगेराजांच्या नातीनं धीर करून सांगितलं, "आजोबा, तळं आटलंय."

"मध्ये बोलू नकोस!" तिघं एका सुरात ओरडले.

तीन घराण्यांचं इतिहासात पहिल्यांदाच एकमत झालं.

सव्वा महिन्यानं चारही पिल्लं उडाली. डुकरराज अजून आजोबांच्या मुंजीपाशीच होते.

"आई, निकाल कुणाच्या बाजूनं लागला गं?" धाकट्या पिल्लानं विचारलं.

"आपल्या," तानी म्हणाली. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

तात्पर्य: मुलांनो, वडीलधाऱ्यांना कधीही गप्प करू नये. त्यांना त्यांच्या आजोबांबद्दल विचारत राहावं. बोलत असतात तोवर ते काही पाडत नाहीत.