एक ट्रे, तीन खातेदार

मनोहरकाका जगदाळे लझानिया फूटपट्टीने मोजून कापतात. मीठमसाला लावून सांगत नाहीये, समोर बसून पाहिलंय. २००४ च्या उन्हाळ्यात आम्ही शॉमबर्गला राहायला आलो आणि दुसऱ्याच महिन्यात शेजारच्या शैलाकाकूंनी शनिवारी जेवायला बोलावलं. माझा नवरा, समीर, कामासाठी गावाबाहेर होता, म्हणून मी एकटीच गेले. टेबलावर काचेचा भलामोठा ट्रे, त्यात पास्ता, सॉस आणि चीजचे थर, वरून वाफा निघतायत, चीजचा वास घरभर. मी ताटली पुढे करणार तेवढ्यात काकांनी शर्टाच्या खिशातून पारदर्शक फूटपट्टी काढली, चष्मा नाकावर ओढला आणि ट्रेच्या काठाला पट्टी लावून म्हणाले, "पंधरा इंच. गेल्या वेळेइतकंच भरतंय."

कोणी हसलं नाही. सतरा वर्षांची ऋचा हनुवटीखाली हात घेऊन बघत होती. तेरा वर्षांचा निनाद म्हणाला, "डॅड, द ट्रे डझन्ट ग्रो." काका शांतपणे म्हणाले, "मोजल्याशिवाय कसं कळणार?"

मी नागपूरची. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात वाढायला कोणी पट्टी आणत नाही, उलट पाहुणा पळून जाईल इतकं वाढतात. मनात म्हटलं, बाप्पा, हे काय प्रकरण आहे? आणि तेव्हापासून मी या माणसाच्या मागेच लागले. माझ्याकडे वेळ भरपूर होता. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करायची परवानगी नसते, पण चौकशा करायची असते, आणि ते काम मी मन लावून करत होते.

पहिल्या चौकशीत निघालं ते असं. काका मूळचे सातारा जिल्ह्यातले, सरकारी मोजणी खात्यात सर्व्हेअर. लोकांच्या शेताच्या हद्दी ठरवायच्या, नकाशे काढायचे, भावाभावांची भांडणं उन्हात उभं राहून ऐकायची, हे काम त्यांनी सतरा वर्षं केलं. काकू कॉम्प्युटरवाल्या. त्यांना इकडची नोकरी लागली आणि काका ती पक्की सरकारी नोकरी सोडून बायकोच्या मागे आले. आले तेही माझ्यासारखेच, डिपेंडंट म्हणून. ग्रीन कार्ड आल्यावर आता एका छोट्या सर्व्हे ऑफिसात आठवड्यातले तीन दिवस ड्रॉइंग करतात. पण मोजणी खातं त्यांच्यातून काही गेलं नाही. बागेतल्या टोमॅटोच्या रोपांमध्येही त्यांनी सुतळी ताणून ठेवली होती.

लझानिया त्यांना शिकवला पहिल्या अपार्टमेंटच्या खाली राहणाऱ्या एका इटालियन आजीने. घरात बसलेला, दिवसभर काही काम नसलेला माणूस बघून तिला दया आली असावी. तिने थराला थर कसा लावायचा, सॉस किती दाट हवा, ओव्हनमधून काढल्यावर वीस मिनिटं का थांबायचं, सगळं हाताने करून दाखवलं. आजी तीन चीज एकत्र कालवायची. काकांच्या घरात ते चाललं नाही.

चाललं नाही म्हणजे कसं, ते ऐका. काकूंना हवं पनीर, तेही घरी दूध फाडून, फडक्यात टांगून केलेलं, त्यात जिरं आणि हिरवी मिरची. रिकोटा चीजला त्या 'नासलेलं दूध' म्हणतात. ऋचाला हवा नेमका तोच रिकोटा, पालक घातलेला, आणि पनीरचा तिला इतका तिटकारा की "इट स्क्वीक्स", दाताखाली चूंचूं वाजतं, म्हणून दोन्ही कानांवर हात ठेवते. निनादला फक्त मोझरेला. तार निघाली पाहिजे, आणि आत हिरवं काहीही दिसता कामा नये. पालकाचा ठिपका दिसला तरी त्याचं जेवण संपतं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? तीन छोटे ट्रे. काकांनी एकाच ट्रेत तीन वावरं पाडली. त्यांच्या भाषेत, "जमीन एक, खातेदार तीन." मधे पास्त्याच्या पट्ट्या दुमडून उभ्या लावायच्या, त्यांना नाव 'बांध'. फ्रिजवर आलेखाच्या कागदावर नकाशा, पेन्सिलीने छायांकित केलेला. आणि दर गुरुवारी त्याच्या शेजारी नोटीस लागायची: 'शनिवारी सायंकाळी साडेसहा वाजता मोजणी. लगतच्या सर्व खातेदारांनी समक्ष हजर राहावे.' मुलांना मराठी धड वाचता येत नाही, म्हणून खाली तेच इंग्रजीत.

हजेरीबद्दल मात्र ते फार कडक. एकदा निनाद मित्राकडे अडकला, सात वाजले, लझानिया गार होत चाललेला, काकू म्हणाल्या कापा हो, त्याचं बाजूला ठेवू. काकांनी सुरीला हात लावला नाही. "लगतचा खातेदार हजर नसताना केलेली मोजणी ग्राह्य धरत नाहीत," म्हणाले. शेवटी काकू स्वतः गाडी काढून पोराला घेऊन आल्या, वाटभर दोघांवर चिडत.

बरं, एवढं करून भांडण मिटायचं का? नाव नको. मोझरेला वितळला की वाहतो. तो बांधाखालून पनीरच्या वावरात शिरायचा, की काकू तक्रार करायच्या. मग काका काट्याने थर उचलून तपासणार, अतिक्रमण किती इंच ते सांगणार, निनाद म्हणणार की चीज काही जाणूनबुजून गेलेलं नाही, ऋचा म्हणणार की मागच्या शनिवारी माझ्या बाजूला मिरची सापडली त्याचं काय. मिरचीचा विषय निघाला की काकू आवाज चढवायच्या. सुनावणी अर्धा तास चालायची. मी पोट धरून हसायचे आणि भुकेने मरायचे, दोन्ही एकदम. शेवटी काका म्हणायचे, "हद्द म्हणजे हद्द," आणि कापायला घ्यायचे.

दोन गोष्टी मात्र मला काही केल्या कळेनात. एक, एवढा त्रास एकाच ट्रेपायी कशाला? विचारलं की काका म्हणायचे, जमिनीचे तुकडे करू नयेत. आणि दुसरं, या माणसाला स्वतःला कुठलं चीज आवडतं? त्यांचं वावर ट्रेत कुठेच नव्हतं. सगळ्यांना वाढून झालं की ते खुर्चीवर बसायचे, पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "तुम्ही घ्या, मी नंतर." नंतर म्हणजे कधी, ते मी कधी पाहिलं नाही. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, खातात काहीतरी, त्यांचं तसंच आहे.

दिवाळीत मला एक कल्पना सुचली आणि ती मला फारच हुशारीची वाटली. दुकानात ओव्हनमध्ये चालतील अशी पांढरी, दोन कानांची छोटी भांडी दिसली. चारांचा संच. तीन खातेदारांना तीन, आणि चौथं काकांना. आता तरी कळेल हे त्यात काय भरतात ते! रंगीत कागदात बांधून मी फराळाबरोबर नेऊन दिली.

घरात नुसता आनंद. काकू म्हणाल्या, इतकी वर्षं आम्हाला कसं सुचलं नाही. ऋचाने चक्क मिठी मारली. निनादने स्वतःच्या भांड्यावर मार्करने नाव लिहिलं. काकांनी एक भांडं हातात घेतलं, उलटं करून बघितलं, आणि म्हणाले, "छान आहेत. हद्दीचा प्रश्नच मिटला." मी तरंगत घरी आले. समीरला तीनदा सांगितलं की जगदाळ्यांचं सात वर्षांचं प्रकरण मी एका फेरीत निकाली काढलं.

त्यानंतर दोन-तीन शनिवार मला बोलावणं आलं नाही. मला वाटलं, असतील कामात. मग एका शनिवारी संध्याकाळी कढीपत्ता हवा होता म्हणून मी सात वाजता त्यांच्याकडे गेले. काकांनीच दार उघडलं. फ्रिजवर नकाशा नव्हता, नोटीसही नव्हती. डायनिंग टेबलावर एकच पाट मांडल्यासारखी एकच ताटली, आणि माझ्या संचातलं चौथं भांडं. बाकीचं घर शांत. वरून कीबोर्डचा खडखडाट येत होता, ऋचा आपलं भांडं घेऊन कॉम्प्युटरवर मैत्रिणींशी चॅट करत बसलेली. फॅमिली रूममध्ये निनादचा व्हिडिओ गेम चालू. काकू बेसमेंटमध्ये ऑफिसच्या कॉलवर, बरोबर पनीर.

मी आधी काकांच्या भांड्यात डोकावले. खोटं कशाला बोलू, तोपर्यंतही मला तेच बघायचं होतं. आत फोडणीचा भात होता.

"काका, चीज?" मी विचारलं.

ते म्हणाले, चीज मला चालत नाही गं. वास आला तरी मळमळतं, आजीकडे शिकायला जायचो तेव्हा खिडकीशी उभा राहायचो. सात वर्षं दर शनिवारी ज्या वासाने मळमळतं त्यातच हा माणूस उभा होता, आणि आम्हा कोणाला पत्ता नाही. मी खुर्ची ओढून बसले. मग हा खटाटोप कशासाठी, असं मी विचारलं असावं, नीट आठवत नाही. त्यांनी भाताचा घास खाल्ला आणि सांगायला लागले.

इकडे आल्यावर पहिली दोन वर्षं काकू रात्री घरी यायच्या, मुलं शाळेतून आल्या आल्या काहीतरी खाऊन खोलीत जायची, आणि हे तिघांना तीन वेळा गरम करून द्यायचे. दिवसभर कोणाशी बोलणं नाही. तिकडे रोज चाळीस माणसं भांडायची समोर, म्हणाले, इथे भांडायलाही कोणी नाही. मग एका शनिवारी त्यांनी आजीसारखा लझानिया केला, तीन चीज कालवून, आणि तिघांचीही त्यावरून जुंपली. काकू म्हणाल्या हे नको, ऋचा म्हणाली ते नको, निनाद रडला.

"दीड तास बसले होते गं तिघं," काका म्हणाले. "एकाच टेबलाला. भांडत होते, पण उठत नव्हते. मला पहिल्यांदा वाटलं, आपलं घर इथे आलं. मग म्हटलं, हे भांडण मिटू द्यायचं नाही."

एवढं बोलून त्यांनी मला पाणी आणून दिलं. माझा चेहरा कसा झाला असेल ते त्यांना दिसलं असणार. तुझी काही चूक नाही, म्हणाले, तू चांगल्या मनाने दिलंस, आणि ही भांडी खरोखर चांगली आहेत, काठाला जळत नाही. मग म्हणाले, "ऑगस्टात ऋचा कॉलेजला जाईल. तेवढे शनिवार मिळाले असते तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, काका, तुम्ही सांगत का नाही त्यांना सरळ, की माझ्याबरोबर बसा म्हणून. ते म्हणाले, सांगितलं तर बसतील, मोठ्या गुणाची मुलं आहेत. पण मग घड्याळाकडे बघत बसतील.

कढीपत्ता न घेताच मी घरी आले आणि समीरवर विनाकारण ओरडले. मला स्वतःचा इतका राग आला होता की सांगायची सोय नाही. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसून मी त्या माणसाचा शनिवार घालवला होता, आणि वर मिठ्या मारून घेतल्या होत्या. समीर म्हणाला, आता तू मधे पडू नकोस. मी म्हटलं, मधे पडलेच आहे, आता निघायचं कसं ते बघते.

रविवारी सकाळी दहाला मी पुन्हा जगदाळ्यांच्या दारात. सगळे घरात होते. मी तोंडभर हसून काकूंना सांगितलं की माझ्याकडे पार्टी ठरलीय, आणि ती ओव्हनची भांडी मला हवी आहेत, चारही, दिलेली वस्तू परत मागायला लाज वाटते पण अडलंय. काकू म्हणाल्या, अगं ने की, त्यात काय. निनाद ओरडला की माझं नाव आहे त्याच्यावर. ऋचाने विचारलं, मग शनिवारी आम्ही काय करायचं? मग काकू म्हणाल्या, करतील बाबा ट्रेमध्ये, पण या वेळी तो मोझरेला माझ्याकडे आलेला मी अजिबात खपवून घेणार नाही. निनाद सोफ्यावरूनच म्हणाला, "मॉम, इट्स लिक्विड!" ऋचाने लगेच मिरचीचा विषय काढला.

काकांनी चारही भांडी ओट्यावर घेतली, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळली, खोक्यात बसवली, कोपऱ्यांत कागदाचे बोळे कोंबले आणि वरून दोन्ही बाजूंनी टेप मारला. एवढी बांधाबांध पलीकडच्या दारापर्यंत न्यायला. खोकं स्वतः उचलून ते माझ्याबरोबर अंगणापर्यंत आले. आत तिघांचे आवाज एकमेकांवर चढत होते.

"पार्टी कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरायचंय काका," मी म्हटलं.

त्यांनी खोकं माझ्या हातात दिलं आणि एक क्षण तसंच धरून ठेवलं. त्यांचे डोळे भरले होते, माझेही.

"परत द्यायची घाई करू नकोस," ते म्हणाले. "ऑगस्टपर्यंत तरी ठेव."